हिरवं रक्त

आषाढातली संध्याकाळ. एक जूनपासून समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली. वीज दुपारीच गेलेली. पुतण्या परीक्षा आटोपून रत्नागिरीहून घरी आला होता आणि लॅपटॉपात उरलेली बॅटरी फुकट जाऊ नये एवढ्या चिंतेने पडवीत खेळत बसला होता. मी शेजारी झोपाळ्यावर. बराच वेळ चाललेला बटणांचा टकटकाट एकदम थांबला.

“काका, माका कसातरीच वाटता.”

“पोटात?”

“नाय. मी तिका मारलंय.”

ती म्हणजे टोरिएल. ‘अंडरटेल’ नावाचा खेळ आहे, टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने २०१५ साली काढलेला. चित्रं अगदी साधी, आमच्या लहानपणच्या टीव्ही गेमसारखी. जमिनीखालच्या राक्षसांच्या दुनियेत एक मूल पडतं आणि सुरुवातीलाच त्याला ही टोरिएल भेटते: शेळीच्या तोंडाची, लांब झग्यातली, मायाळू बाई. ती त्या पोराला हात धरून सापळ्यांतून पार नेते, त्याच्यासाठी दालचिनी घातलेला गोड पदार्थ भाजते, झोपायला खोली देते. मग पोर म्हणतं, मला माझ्या घरी जायचंय. ती दार अडवून उभी राहते. बाहेर गेलास तर मरशील, म्हणते. लढाई सुरू होते. पडद्यावर ‘मार’ आहे तसं ‘दया’ हेही बटण आहे, पण ते दाबून पहिल्यांदा काहीच घडत नाही. दहा वेळा दाबलं तरी ती हटत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, हिला थोडी दमवावी म्हणजे वाट देईल. आणि ती थोडी दमली की पुढचा एकच वार इतका मोठा बसतो की ती मरते. पुतण्याचं हेच झालं. जगभर असंख्य पोरांचं हेच झालं आहे, आणि खेळ करणाऱ्याने ते व्हावं म्हणूनच तसं रचलं आहे.

पुढची गंमत अशी की पुतण्याने आधी जपून ठेवलेल्या जागी परत जाऊन तोच प्रसंग पुन्हा खेळला. या वेळी शेवटपर्यंत दयाच केली. ती वाचली. बाहेर पडताना एक फूल भेटतं, बोलणारं. ते म्हणतं, तू काय केलंस ते मला माहीत आहे. तू तिला मारलंस, आणि वाईट वाटलं म्हणून मागे आलास. पुतण्याने लॅपटॉप मिटून टाकला.

हे चाललं असताना मोरीत माझी वहिनी कुर्ल्या साफ करत होती. खाडीच्या कुर्ल्या, जिवंत. डेंगा धरायचा, पिळायचा, कट्. टोपात बाकीच्या खरवडत होत्या. हा आवाज आम्हा सगळ्यांच्या कानांना इतका सवयीचा की पावसासारखाच, ऐकूही येत नाही. पोरगा गप्प का म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं, तर तिथूनच ओरडली, “चित्रातल्या बायलेसाठी जीव तुटता ह्येचो, आणि ह्यो टोप कोण उचलतलो?” त्याने टोप उचलला. रात्री जेवताना चार कुर्ल्या खाल्ल्या. मी तीन.

ज्याला हा सगळा प्रकार पोरकटपणा वाटतो त्याच्या हाती यापेक्षा मोठा पुरावा देता येणार नाही. खऱ्या जिवाचे डेंगे मोडले त्याचं कुणाला काही नाही, आणि ठिपक्यांची शेळी मेली तर मन खातं. मीही तेव्हा हसलो. पण नंतर कितीतरी दिवस ते डोक्यात राहिलं, कारण मी स्वतः या बाबतीत धुतला तांदूळ नाही. २००३ च्या सुमाराला कुडाळात तासाला वीस रुपये देऊन मी ‘आय. जी. आय.’ खेळलो आहे. टेहळणी मनोऱ्यावरचे पहारेकरी शेकड्यांनी उडवले. सगळ्यांची तोंडं सारखी, सगळे एकाच तऱ्हेने कोसळायचे. एकदाही मन खाल्लं नाही. तासाचे पैसे वसूल झाले एवढंच वाटायचं.

तर पुतण्या हळवा आणि मी निबर, असा काही फरक आहे का? मला तसं वाटत नाही. फरक ओळखीचा आहे. टोरिएलने त्याला रांधून घातलं होतं. माझ्या पहारेकऱ्यांनी मला कधी नावही सांगितलं नाही. कुर्लीशी कुणाची ओळख नसते. माझी आजी घरचा कोंबा राखणीला, म्हणजे राखणदार देवाला, द्यायची वेळ आली की त्या सकाळी परसात पाऊल टाकत नसे, त्याला पिल्लू असल्यापासून तिने दाणे घातलेले असत. दुपारी सागोती मात्र तीच करी आणि चवीने जेवे. अपराधीपण मरणाला चिकटत नाही, ओळखीला चिकटतं. हे तर्काला धरून आहे असं मी म्हणत नाही. कुर्लीला हे कळलं तर ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. पण माणसाचं मन असं चालतं, आणि खेळातल्या मारामारीबद्दल सार्वजनिक ठिकाणी जे बोललं जातं त्यात नेमकी हीच गोष्ट कुणी विचारात घेत नाही.

‘मारणं’ या शब्दाला बिचकण्याचं कारण नाही. आपले खेळ या शब्दाने भरलेले आहेत. हुतूतूत गडी मरतो. समोरचा गडी मेला की आपला मेलेला गडी जिवंत होतो, आणि त्या प्रकाराला नावच संजीवनी. पटावर प्यादं मारतात, सोंगटी मारतात. संध्याकाळी आमच्या सड्यावर, रेंज येते म्हणून, पाच-सात पोरं मोबाइल घेऊन बसलेली असतात. ती ओरडत असतात, “मार, मार, झाडामागे असा!” पुतण्याही त्यात असतो. त्याला मी विचारलं, इथे नऊ जणांना मारलंस, ते? तो म्हणाला, “तां येगळा, काका. थय पोरां असत.” तिथे पलीकडे खरी माणसं आहेत म्हणून वाईट वाटत नाही, आणि जिथे कुणीच नाही तिथे वाईट वाटतं. ऐकायला उलटं आहे, पण हुतूतू खेळलेल्या माणसाला ते लगेच कळेल. समोरचा गडी मरायला तयार होऊन आलेला असतो आणि पुढच्या डावात माझा पाय धरायला परत येणार असतो. टोरिएल खेळायला आलेली नव्हती.

आता त्या सड्यावरच्या खेळाकडे सरकारने आणि समाजाने कसं पाहिलं ते आठवा. मार्च २०१९ मध्ये राजकोटात पबजी खेळतात म्हणून पोलिसांनी तरुणांना पकडलं. सप्टेंबर २०२० मध्ये ११८ ॲपवर बंदी आली त्यात पबजी गेलं, पण कारण वेगळं होतं, चीनशी संबंध आणि देशाची सुरक्षा. मग २ जुलै २०२१ ला तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला. येताना सुधारून आला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास. गोळी लागली की उडणारं रक्त हिरवं. ‘किल’ हा शब्द गेला, त्या जागी ‘फिनिश’. हे खरं जग नाही, अशी सूचनाही मधूनमधून. पालकांना बरं वाटलं असेल. मला मात्र ती हिरवी चिळकांडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं की खेळातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट धुऊन काढली आहे. मारणं जसंच्या तसं राहिलं. मारलं आहे याची खूण तेवढी पुसली. शंभरांतले नव्व्याण्णव संपेपर्यंत खेळ संपत नाही तो नाहीच, फक्त आता कुणी मरत नाही, ‘फिनिश’ होतो. जेवणाच्या ताटासारखा.

आपली सगळी चर्चा एका प्रश्नाभोवती घोटाळते: असले खेळ खेळून पोरं हिंसक होतात का? या प्रश्नाने अमेरिकेत १९७६ पासून, ‘डेथ रेस’ नावाचा पळत्या आकृत्यांवर गाडी घालायचा खेळ आला तेव्हापासून, माणसांची झोप उडवली आहे. १९९३ मध्ये तिथल्या सिनेटने सुनावण्या घेतल्या, पुढच्या वर्षी खेळांवर वयाचे शिक्के मारणारी संस्था आली. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, त्यात हिंसक खेळ आणि मुलांची आक्रमक वागणूक यांचा संबंध दिसला नाही. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेनेही २०२० मध्ये सांगितलं की खऱ्या हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडायला पुरेसा आधार नाही. मला हे वाचून नवल वाटलं नाही. दर जत्रेला पहाटेपर्यंत दशावतारातला राक्षसवध पाहणारं आमचं सिंधुदुर्ग एव्हाना निर्मनुष्य व्हायला हवं होतं.

दशावताराचं नाव निघालंच आहे तर संकासुराबद्दल थोडं बोलू द्या. नाटकाच्या आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग वेद पळवणारा संकासुर. काळा वेष, तोंडावर बुरखा, अस्सल मालवणी जीभ. देवांची टिंगल करतो, सूत्रधाराची करतो, समोर बसलेल्या सरपंचाचीही करतो. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो, आणि त्या क्षणी मंडपात जी शांतता होते तिच्यात विजयाचा जल्लोष नसतो. चांगला पाव तास ज्याने हसवलं तो गेला. मारणं योग्यच होतं, वेद परत यायलाच हवेत, तरी चुटपुट राहते. थोड्या वेळाने तोच माणूस पेटाऱ्यापाशी बसून चहा पिताना दिसतो. माझ्या पिढीला खोटं मरण आणि खरी चुटपुट यांची एकत्र ओळख कुठे झाली असेल तर तिथे. ज्या कुणी राक्षसाला मरण्याआधी पाव तास बोलायला दिलं, त्याला खेळ रचण्यातलं काहीतरी फार खोल कळलं होतं.

याच्या नेमकं उलट टोक पाहायचं तर अमेरिकी लष्कराने २००२ साली काढलेला ‘अमेरिकाज आर्मी’ पाहा. भरतीसाठी फुकट वाटलेला खेळ, वीस वर्षं चालला. दोन गट समोरासमोर लढायचे, दोन्हीकडे खरे खेळाडू. पण रचना अशी की प्रत्येकाला आपला गट अमेरिकी सैनिकांचा दिसे आणि समोरचा शत्रूचा. पलीकडे बसलेल्यालाही तसंच दिसे. म्हणजे शत्रू कुणीच नव्हता आणि प्रत्येकाच्या पडद्यावर मात्र तो होता. रक्ताचा रंग तिथे कुठला होता हा प्रश्न मला गौण वाटतो. शत्रूच्या जागी उभं राहून पाहण्याची वाटच बुजवलेली, हे मला रक्तापेक्षा भयानक वाटतं. असल्या खेळाला वयाचे शिक्के मारणारे कुठला शिक्का मारणार? त्यांच्या यादीत रक्त आहे, शिवी आहे, उघडं अंग आहे, जुगार आहे. ‘समोरच्याला तोंड आहे की नाही’ असा रकाना नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा आला, त्याचाही रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, आणि त्या बाबतीत तो हवाच होता. कर्जापायी किती घरं बसली ते गावागावात माहीत आहे. पण मारण्याच्या खेळांबद्दल आपल्याला काय म्हणायचं आहे ते अजून हिरव्या रक्ताच्या पुढे गेलेलं नाही.

अर्थात मन खायला लावणारा प्रत्येक खेळ थोर, असंही नाही. ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ हा २०१२ चा खेळ फार वाखाणला गेला. उद्ध्वस्त दुबईत तुम्ही सैनिक आहात, समोरच्या फौजेवर पांढरा फॉस्फरस टाकता, आणि मग त्या राखेतून चालताना कळतं की तिथे आसऱ्याला आलेली साधी माणसं होती, आई आणि पोर. पण फॉस्फरस न टाकण्याची सोयच खेळात नाही. टाका, नाहीतर खेळ बंद करून झोपा. मला ही लबाडी वाटते. हात पिरगाळून चोरी करायला लावायची आणि वर विचारायचं, लाज नाही वाटत? टोरिएलच्या वेळी दयेचं बटण खरंच होतं, चिकाटी कमी पडली ती खेळणाऱ्याची. म्हणून ते लागतं.

पोलंडमधल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ने हे आणखी नीट साधलं आहे. २०१४ चा खेळ, सारायेवोच्या वेढ्यावरून सुचलेला. तुम्ही सैनिक नाहीच, वेढलेल्या शहरातली उपाशी माणसं आहात. रात्री अन्नाच्या शोधात एका घरात शिरता, तिथे म्हातारा-म्हातारी आहेत, त्यांच्याकडे औषधं आहेत, अन्न आहे. ते तुम्हाला अडवू शकत नाहीत. घेऊन आलात तर जगता, पण घरी परतलेली तुमची माणसं उदास होतात, बसून राहतात. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा खेळ शाळेच्या शिफारशीच्या वाचनयादीत घ्यायचं जाहीर केलं. कुठे आपल्याकडची राजकोटची वरात आणि कुठे हे.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. हे अपराधीपण टिकतं का? बफलो विद्यापीठातल्या मॅथ्यू ग्रिझार्ड यांच्या अभ्यासात २०१४ मध्ये असं आढळलं की खेळात वाईट बाजूने लढलेल्यांना अपराधी वाटतं आणि त्या क्षणापुरती का होईना, त्यांची नैतिक जाण तीक्ष्ण होते. माझ्या बाजूचा पुरावा. पण त्यांनीच पुढे दाखवलं की तोच खेळ पुन:पुन्हा खेळलं की ते वाटणं बोथट होतं. वहिनीने पहिली कुर्ली मोडली तेव्हा तिचाही हात थरथरला असेल. आता ती एका हाताने मोडते आणि दुसऱ्याने फोन धरते. म्हणून टोरिएलला पन्नास वेळा मारून पाहणाऱ्याला काही वाटेनासं होईल हे खरंच. खेळ करणाऱ्यालाही ते ठाऊक असावं. या खेळात मारल्यावर मिळतात ते ‘ईएक्सपी’, सगळ्या खेळांत असतात तसे, अनुभवाचे गुण समजून आपण गोळा करत राहतो. शेवटी कळतं की ते हत्येचे गुण आहेत, आणि पातळी म्हणून वाढत होती ती बोथटपणाची.

‘मेटल गिअर सॉलिड’च्या तिसऱ्या भागात, २००४ सालच्या, एक नदी आहे. तिच्यातून वर चालत जायचं, आणि तोवर खेळात तुम्ही ज्यांना ज्यांना मारलं ते सगळे आपापल्या जखमा घेऊन समोरून चालत येतात. कमी मारले असतील तर नदी जवळजवळ रिकामी. जपानी माणसाने हे रचलं, पण कोकणातल्या कुणालाही ते वाचताक्षणी वैतरणी आठवेल. आपल्याकडे त्या नावाची खरीच नदी आहे, वैतरणा, उत्तर कोकणातली. तिच्या खाडीच्या अलीकडे सोपारा. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना एक फुटका शिलाखंड सापडला, अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा. कलिंगाचा पश्चात्ताप आहे तो तेरावा लेख, सोपाऱ्यात मिळालेला नाही. आठव्या लेखात काय आहे? पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि तसल्याच मौजा करत. मी त्याऐवजी धर्मयात्रेला जातो. म्हणजे मनोरंजनासाठी मारणं सोडल्याची जाहीर नोंद, कोकणच्या बंदरात, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची.

तेराव्या लेखातही नुसती लाखाची बेरीज नाही. मेले त्यांच्याखेरीज, वाचले त्यांचे मित्र, परिचित, सोबती, नातलग संकटात सापडले हा त्या माणसाला खुपलेला काटा आहे. परिचित हा शब्द तिथे वेगळा कोरलेला आहे. आणि पहिल्या लेखात हाच राजा प्रांजळपणे सांगतो की माझ्या मुदपाकखान्यात पूर्वी लाखो प्राणी मारले जात, आता तीनच, दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही. पुढे हेही बंद होतील. एवढ्या पश्चात्तापानंतरही दोन मोर शिजत होतेच. ते वाचल्यापासून मला आमच्या त्या रात्रीच्या जेवणाची तितकीशी लाज वाटत नाही.

पालकांना मी काही सांगू शकत असेन तर एवढंच की पोर मोबाइलवर किती वेळ होतं हे विचारून झालं असेल, तर कधीतरी कुणाला मारलंस हेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ‘कोण होता माहीत नाही’ असं उत्तर हुतूतूत चालतं. कथेच्या खेळात रोज तेच उत्तर येत असेल तर तो खेळ मी माझ्या घरात फार दिवस राहू देणार नाही, त्याचं रक्त हिरवं असो की निळं. आणि कुणी टोरिएलसाठी गप्प बसलं तर हसू नका. मी हसलो होतो.

पुतण्या परत कॉलेजात गेला. जाण्याआधी मी त्याला विचारलं, त्या फुलाला तू मारल्याचं आठवतं कसं? तो म्हणाला, लॅपटॉपात एक छोटी फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं. ती पुसली की फुलाला काही आठवत नाही, ते तुला पहिल्यांदाच भेटल्यासारखं बोलतं. फाइल कुठे आहे ते त्याने मला दाखवलंही.

परवा फोन केला तेव्हा पुसलीस का म्हणून विचारलं. “नाय,” म्हणाला. “ऱ्हवानी.”